वाळीत टाकलेला मेल सर्व्हर

आज हायवेवर लिहीत नाही. हातखंबा तिठा, चौपदरीकरण, धूळ, उलटलेले टँकर यांवर बरीच वर्षं लिहितोय आणि पुढेही लिहावं लागणार आहे. आज दुसऱ्या एका रस्त्याबद्दल बोलू. तो दिसत नाही, पण बंद झाला की भल्याभल्यांचा धंदा बसतो. ईमेलचा रस्ता.

तर झालं असं. आमच्या साप्ताहिकाचं पोर्टल एका भाड्याच्या सर्व्हरवर चालतं. दर शुक्रवारी गावाकडच्या बातम्यांचं पत्र मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांना त्याच सर्व्हरवरून मेलने जातं. हे सगळं भाच्याने बसवून दिलंय. जागा शिल्लक होती म्हणून पालीकडच्या एका आंबा बागायतदार काकांची छोटी वेबसाइटही त्यावरच ठेवली. काका आता दलालाकडे पेटी न पाठवता थेट गिऱ्हाइकाला देतात. गिऱ्हाईक वेबसाइटवर नाव नोंदवतं, पैसे भरतं, मग त्याला मेल जातो : पेटी किती डझनाची, दर काय, गाडी कुठल्या वारी सुटणार. साधी गोष्ट, पण विश्वास त्या मेलवरच बसतो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात काकांचा फोन आला.

"काय रे, तुजा मेल झोपलाय काय? गिऱ्हाईक म्हणतंय पैसे भरले, पावती नाय, मेल नाय. वर इचारतंय, फसवणूक तर नाय ना?"

हे शेवटचं वाक्य काकांना लागलं होतं. साहजिक आहे. रत्नागिरी हापूसच्या नावाखाली कुठला कुठला आंबा खपवला जातो हे आपण जाणतो. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते त्याचसाठी. आणि इथे अस्सल बागायतदारावरच गिऱ्हाइकाला संशय यायला लागला.

सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. एका बड्या ईमेल कंपनीच्या पत्त्यांवर गेलेला प्रत्येक मेल दारातूनच परत आला होता. सोबत ५५० हा आकडा आणि इंग्रजीत एक ओळ. अर्थ असा की तुमच्या सर्व्हरचा पत्ता आमच्या ब्लॉक यादीत आहे. म्हणजे मेल स्पॅमच्या कप्प्यातसुद्धा गेला नव्हता. गिऱ्हाइकाने कितीही शोधला तरी तो त्याला सापडणार नव्हता.

आता ही यादी काय भानगड आहे ते आधी सांगतो, कारण मलाही ती या निमित्तानेच नीट कळली.

इंटरनेटवरच्या प्रत्येक सर्व्हरला एक आकड्यांचा पत्ता असतो, आयपी ॲड्रेस. तुमचा सर्व्हर दुसऱ्याच्या दारात मेल घेऊन गेला की तो दारवाला आधी हा पत्ता बघतो आणि यादीत शोधतो. यादीत नाव असलं तर पाकीट हातात न घेताच परत. आत काय लिहिलंय, आंब्याची पावती की लॉटरीची थाप, हे बघण्याची वेळच येत नाही.

यादी उगाच आलेली नाही. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतल्या एका संगणक कंपनीच्या गॅरी थर्क नावाच्या विक्रेत्याने जवळपास ४०० जणांना एकदम जाहिरातीचा मेल पाठवला. स्पॅमचा जन्म तोच मानतात. पुढे त्याचा पूर आला. १९९७ च्या सुमारास पॉल विक्सी आणि सहकाऱ्यांनी स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांची पहिली मोठी यादी चालवली. १९९८ साली स्टीव्ह लिनफर्ड यांनी लंडनमध्ये स्पॅमहॉस सुरू केलं. आज जगभरचे मेल सर्व्हर त्यांच्या याद्या वापरतात. शिवाय मोठ्या ईमेल कंपन्यांच्या स्वतःच्या याद्या वेगळ्या, आणि त्या बाहेरच्यांना बघायला मिळत नाहीत.

या याद्या नसत्या तर तुमची-माझी इनबॉक्स दोन दिवसांत उकिरडा झाली असती. बँकेच्या नावाने येणारे खोटे मेल आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांपर्यंत रोज शेकड्याने पोहोचले असते. त्यामुळे "यादीच नको" असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. नाक्यावर तपासणी हवीच. माझा प्रश्न पुढचा आहे. निरपराध माणूस नाक्यावर अडकला तर त्याने बोलायचं कुणाशी?

आधी आपलं अंगण झाडावं म्हणून भाच्याला बसवला. दोन रात्री जागून त्याने सगळं तपासलं. निघालं ते लपवत नाही.

पहिलं पाप आमचंच. पोर्टलवर "बातमी कळवा" असा फॉर्म होता. फॉर्म भरला की भरणाऱ्याने दिलेल्या पत्त्यावर "धन्यवाद" असा मेल जायचा, त्याने लिहिलेल्या मजकुरासकट. तपासणी कसलीच नव्हती. कुठल्या तरी देशातल्या यंत्राने ते हेरलं आणि आमच्या फॉर्ममधून आमच्याच नावाने भलत्या लोकांना भलत्या लिंका पाठवल्या. दुसरं पाप, आमच्या एका सहकाऱ्याच्या मेलचा पासवर्ड. तो काय होता ते लिहीत नाही, पण हातखंब्यातल्या कुणालाही तिसऱ्या प्रयत्नात जमला असता.

तिसरी गोष्ट मात्र आमच्या हातातली नव्हती. भाड्याचा सर्व्हर म्हणजे चाळीतली खोली. आपल्या पत्त्याच्या आजूबाजूचे पत्ते त्याच होस्टिंग कंपनीने दुसऱ्यांना दिलेले असतात. त्यातले काही जण खरोखरचे स्पॅमवाले निघाले. आणि ईमेल कंपन्या पुष्कळदा एकेक पत्ता न बघता २५६ पत्त्यांचा अख्खा पट्टाच बंद करतात. शेजाऱ्याने चोरी केली म्हणून सगळ्या चाळीचं पाणी तोडायचं, असला प्रकार.

आम्ही फॉर्म बंद केला, मग कॅप्चा लावून पुन्हा सुरू केला. सगळे पासवर्ड बदलले. नावाला साजेसा कागदपत्रांचा संच पूर्ण केला. त्यात एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने मेल कुठल्या सर्व्हरवरून येऊ शकतो याची जाहीर नोंद. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवरची सही. आणि डीमार्क म्हणजे सही जुळली नाही तर काय करायचं याची सूचना. राहिलं रिव्हर्स डीएनएस, म्हणजे आकड्याच्या पत्त्यावरून आमचं नाव उलट सापडण्याची सोय. ते काम फक्त होस्टिंग कंपनी करू शकते. तिने त्याला नऊ दिवस लावले. आंब्याच्या हंगामात नऊ दिवस म्हणजे काय, हे रत्नागिरीकरांना सांगायला नको.

दरम्यान यादीतून नाव काढण्याचा अर्ज भरला. अर्ज इंग्रजीत. पाच-सहा रकाने. दोन तासांनी उत्तर आलं, यंत्राचं. तुमचा पत्ता सवलतीस पात्र नाही. कारण? लिहिलेलं नाही. कुठला मेल, कुठल्या दिवशी, कुणाची तक्रार? काही नाही. त्या उत्तराला उत्तर दिलं. काय चुकलं होतं, कधी दुरुस्त केलं, सगळं तारखेवार मांडलं. तीन दिवसांनी तोच मजकूर परत, फक्त खालचं नाव वेगळं. ते नाव माणसाचं होतं की तेही यंत्राचं, देव जाणे.

भाचा म्हणाला, "मामा, सोडा ना. महिन्याला पैसे भरून त्यांच्याचकडे मेल घेऊ. कटकट मिटली."

त्याचं व्यवहाराने चुकत नव्हतं. पण मला ते खटकलं. ज्याने दार बंद केलं त्याच्याच घरात भाड्याने राहायला जायचं, म्हणजे मग दार बंद होणार नाही! ईमेलची मूळ रचना अशी नाही. इथे कुणीही स्वतःचं पोस्ट ऑफिस उघडू शकतो आणि जगातल्या कुठल्याही पोस्टाला पत्र देऊ शकतो. गावातली पतसंस्था, शाळा, साप्ताहिक, बागायतदार, कुणीही. असे छोटे सगळे कंटाळून दोन-तीन कंपन्यांच्या आसऱ्याला गेले की जगाचा पत्रव्यवहार त्या दोन-तीन कंपन्यांच्या मर्जीवर आला. त्यासाठी कुणाला कटकारस्थान करायची गरज नाही. अर्जाला उत्तर न देणं पुरेसं आहे.

आता मुद्द्यावर येतो. यादीत टाकलं, कारण सांगितलं नाही, बाजू ऐकली नाही, किती दिवसांसाठी ते ठरलेलं नाही, शेजाऱ्याच्या चुकीसाठी सगळ्यांना शिक्षा. या सगळ्याला कोकणात एक जुना शब्द आहे. वाळीत टाकणे.

माणसाच्या बहिष्काराची आणि सर्व्हरच्या ब्लॉकची बरोबरी होत नाही, हे मला कळतं. गावकीने वाळीत टाकलेल्या घरांच्या बातम्या मी केल्या आहेत. त्या घरात मयताला खांदा द्यायला माणूस येत नाही, पालखी दारात थांबत नाही, दुकानदार मीठसुद्धा देत नाही. ते दुःख वेगळंच. पण रीत बघा. निवाडा करणारा, शिक्षा देणारा आणि दाद मागायची ती जागा, तिन्ही एकच. आणि वाळीत पडलेल्याशी बोलायचं नाही हा तर नियमच.

महाराष्ट्राने या रीतीविरुद्ध कायदा केला. सामाजिक बहिष्काराविरुद्ध असा स्वतंत्र कायदा आणणारं हे देशातलं पहिलं राज्य. २०१६ साली विधिमंडळात मंजूर झाला, ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गावकीचे सगळे अधिकार काढून घेतले असं त्या कायद्याने केलं नाही. देवस्थान, उत्सव, मानपान आहेत तसे चालू आहेत. माणसाला मनमानी तोडायचा अधिकार तेवढा काढला.

मला ईमेलच्या बाबतीत एवढंच म्हणायचं आहे. ज्याच्या हातात दार बंद करायची ताकद आहे, त्याच्या दाराला वाजवायला कडी असली पाहिजे.

कुणी म्हणेल, खाजगी कंपनी आहे, तिच्या दारात कुणाला घ्यायचं ते ती ठरवेल. अमेरिकेत हा वाद कोर्टात गेला होता. ई३६० नावाच्या मेलवरून जाहिराती पाठवणाऱ्या कंपनीने स्पॅमहॉसवर दावा लावला. २००६ साली स्पॅमहॉसने बचाव न केल्यामुळे एकतर्फी निकाल लागला, एक कोटी सतरा लाख डॉलरची भरपाई. अपील झालं, नुकसानीचा पुरावा टिकला नाही, आणि २०११ मध्ये अपील कोर्टाने भरपाई आणून ठेवली तीन डॉलरवर! त्या खटल्यात माझी सहानुभूती यादीवाल्यांकडेच आहे. जाहिरातवाल्यांनी कोर्टाच्या धाकाने यादी बंद पाडली असती तर भोगावं आपल्यालाच लागलं असतं. पण यातून आणखी एक गोष्ट दिसते. कोर्टाचा रस्ता पाच वर्षांचा आहे आणि हापूसचा हंगाम दोन महिन्यांचा.

आपल्याकडचं ताजं उदाहरण घ्या. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जीवर निर्बंध लावले. वाडीनारला रिफायनरी, मुंबईत मोठं ऑफिस असलेली कंपनी. मायक्रोसॉफ्टने तिची ईमेल आणि इतर सेवा थांबवली. प्रकरण ब्लॅकलिस्टचं नव्हतं, निर्बंधांचं होतं, पण दार बंद होणं तेच. नायराने मुंबईच्याच रेडिफकडे मेलची सोय केली आणि दिल्ली उच्च न्यायालयात गेली. काही दिवसांत सेवा परत सुरू झाली. छान झालं. पण पालीच्या काकांनी दिल्लीला वकील लावायचा का? पेटीमागे सुटतात किती?

सरकारकडे यासाठी काही नाही का? मोबाइलवरच्या एसएमएसचं बघा. ट्रायचे २०१८ चे नियम आहेत. धंद्याचा मेसेज पाठवणाऱ्याने नाव आणि मजकुराचा नमुना नोंदवायचा, नकोसा मेसेज आला तर ग्राहकाने १९०९ वर तक्रार करायची. व्यवस्थेत भोकं आहेत, आपण रोज अनुभवतो, पण निदान नियम लिहिलेले आहेत आणि नियामक कोण ते माहीत आहे. ईमेलला असा वाली नाही. २०२१ च्या आयटी नियमांनुसार मोठ्या-छोट्या सगळ्या मध्यस्थ कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो, तक्रारीची पोच आणि ठरलेल्या मुदतीत निकाल द्यावा लागतो. त्यावर अपिलासाठी २०२३ पासून समित्याही आहेत. पण ती खिडकी वापरकर्त्यांच्या आणि पीडितांच्या तक्रारींसाठी. आम्ही तर त्या कंपनीचे वापरकर्तेच नाही, बाहेरून पत्र घेऊन आलेले पोस्टमन. आमच्यासाठी रकाना नाही.

म्हणून मागणी साधी आहे. तो रकाना ठेवा. नोंदणीकृत धंदा किंवा संस्था असेल, तिचे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क जागेवर असतील, तर ब्लॉक केल्याचं कारण तिला कळवलं पाहिजे. अर्ज माणसाने वाचला पाहिजे. पंधरा दिवसांत हो किंवा नाही, आणि नाही असेल तर का नाही, हे लेखी मिळालं पाहिजे. स्पॅम आत घ्या असं कुणी म्हणत नाही. कारण सांगितलं की स्पॅमवाले त्यातून पळवाट शोधतील, हा कंपन्यांचा आक्षेप मला मान्य आहे. मग सगळा तपशील नका देऊ. चूक आमची की शेजाऱ्याची, फॉर्मची की पासवर्डची, एवढं तरी सांगा. चोराला त्याचा फायदा नाही, प्रामाणिक माणसाचे मात्र दहा दिवस वाचतात.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या भागातल्या ज्या संस्थांचा स्वतःचा मेल आहे त्यांच्यासाठी अनुभवाचे चार शब्द.

मेल परत आला तर ती इंग्रजी ओळ पुसून टाकू नका, नीट वाचा. अडवलं कुणी, सार्वजनिक यादीने की त्या कंपनीने स्वतः, हे त्यातच असतं. सार्वजनिक यादी असेल तर तिच्या संकेतस्थळावर आपला पत्ता तपासता येतो. आधी दुरुस्ती करा, मग अर्ज करा. उलटं केलं तर नाव निघून पुन्हा चढतं आणि दुसऱ्या वेळी लवकर निघत नाही. अर्जात खोटं लिहू नका. "आमचं काहीच चुकलं नाही" हे वाक्य तिथे रोज हजार जण लिहीत असतील. काय चुकलं आणि कधी सुधारलं ते लिहा. नाव काढून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा. स्पॅमहॉस नाव काढायला पैसे घेत नाही.

नियम दिवसेंदिवस कडक होत आहेत हेही लक्षात ठेवा. जीमेल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून तिन्ही कागद मागायला सुरुवात केली. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्याला ते तिन्ही लागतात, आणि हजारातल्या तिघांनी जरी "हा स्पॅम आहे" असं बटण दाबलं तरी धोक्याची घंटा. आउटलुकनेही मे २०२५ पासून मोठ्या पाठवणाऱ्यांना तसेच नियम लावले. आपण छोटे आहोत, पण छोट्यांनाही किमान एसपीएफ किंवा सही, आणि रिव्हर्स डीएनएस लागतंच. तेव्हा कुणाच्याही लग्नपत्रिकेवरून, देणगीच्या वहीवरून मेलचे पत्ते उतरवून "शुभेच्छा" पाठवायचं बंद करा. गावातल्या पुढाऱ्यांना हे खास सांगणं. तुमच्या एका वाढदिवसाच्या मेलने तुमच्या पतसंस्थेच्या पावत्या अडकू शकतात.

आमचं काय झालं? रिव्हर्स डीएनएस लागल्यावर भाच्याने तिसऱ्यांदा अर्ज केला. पुन्हा नकार. चौथ्यांदा त्याच अर्जाच्या उत्तरात सगळा इतिहास जोडून पाठवला. आठ दिवस शांतता. मग १९ मे रोजी सकाळी दोन ओळींचं उत्तर आलं की पत्ता मोकळा केला आहे, परिणाम दिसायला एक-दोन दिवस लागतील. चूक नेमकी कशात होती, हे शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. त्या पाच आठवड्यांत काकांनी गिऱ्हाइकांना एकेक करून फोन केले, नातवाने व्हॉट्सॲपवर पावत्या पाठवल्या. बरेच टिकले. काहींनी पैसे परत मागितले, ते काकांनी त्याच दिवशी दिले.

मी उत्साहाने फोन केला. काका, मेल सुरू झाला!

"आता?" काका म्हणाले. "आता बागेतला आंबा कॅनिंगला चाललाय. तेका मेल लागत नाय."

पुढच्या हंगामाला अजून वेळ आहे. तोवर हा विषय आपल्या खासदारांच्या कानावर घालणार आहे, लेखी निवेदन तयार आहे. तुमच्यापैकी कुणाच्या संस्थेचा, दुकानाचा, शाळेचा मेल असाच परत आला असेल तर मला कळवा. निवेदनात उदाहरणं जितकी जास्त, तितकं बरं. फोनच करा शक्यतो. मेल केलात तर पोहोचला का, तेवढं विचारून घ्या.